ओट्यावरची दोन लिंबं

आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन गोल डाग आहेत. बरोबर अर्ध्या लिंबाएवढे. ओटा कितीही पुसला तरी तेवढी जागा चमकत नाही, आणि बोट फिरवलं तर खरखरीत लागते. हे डाग मी पाडले. ओट्यावरचा हळदीचा पिवळेपणा जावा म्हणून एक लिंबू कापलं, त्याच्या दोन फोडी पिवळ्या जागेवर पालथ्या घातल्या आणि मोठ्या समाधानानं दुपारची झोप काढली. उठून पाहतो तर हळद गेली होती, आणि हळदीबरोबर दगडाचा तुकतुकीतपणाही.

आता यात काय मोठं, असं कुणालाही वाटेल. पण ओटा पांढऱ्या संगमरवराचा आहे आणि मी मेहरूण तळ्याजवळच्या एका शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवतोय. संगमरवरावर आम्ल पडलं की दगड झिजतो, हे मी दरवर्षी परीक्षानळीत बुडबुडे काढून दाखवतो आणि वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतो.

बायको पडवीतून आत आली. ओट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, भिंतीला हात टेकला.

"अहो मास्तर," ती म्हणाली. मग थांबली. "शाळेत नेमकं..." परत थांबली. "शिकवता काय?"

एवढं बोलायला तिला तीन श्वास लागले. पूर्वी एका श्वासात ती माझा, माझ्या भावकीचा आणि आमच्या सगळ्या गावाचा हिशेब चुकता करत असे. तो ओटा तिनं स्वतः भांडून बसवून घेतला होता. गवंडी म्हणाला काळा कडप्पा टाका, मी म्हणालो ग्रॅनाइट टाकू, ती म्हणाली, "मला पांढरा पाहिजे. घाण झाली तर दिसली पाहिजे." त्या पांढऱ्या ओट्यासमोर उभं राहून आज तिला दम लागत होता, आणि हळद काढायला साधी बाजारातली पावडर न वापरता मी लिंबू का घेतलं, त्याचं कारणही तिचा तो दमच होता.

त्या दमाचं कारण मी. हे सांगायला मला फार वर्षं लागली असती, पण आता सांगून टाकतो.

त्याआधीच्या दिवाळीतली गोष्ट. आमच्याकडे नळाला बोअरचं पाणी. ज्यांच्याकडे ते येतं त्यांना वेगळं सांगायला नको, फरशीवर, नळांवर, बादलीच्या कडेला पांढरे थर चढतात, नखानंही निघत नाहीत. भाऊबीजेला धुळ्याहून मेहुणा येणार होता, बायकोचा धाकटा आणि एकुलता भाऊ. सकाळी दाढी करता करता मी म्हणालो, "आपल्या बाथरूमपेक्षा आमच्या शाळेची मुतारी बरी दिसते." विनोद म्हणून म्हणालो. घरातल्या माणसाला हसवण्यापेक्षा बाहेरच्याला हसवणं सोपं असतं, हे मला कधी कळलंच नाही. आदल्याच आठवड्यात सायकलवरून "फिनेऽल, ॲशीऽड" ओरडत जाणाऱ्या माणसाकडून मीच कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत पिवळं ॲसिड घेऊन ठेवलं होतं. "हे टाक, दोन मिनिटांत थर उतरतात," असंही मीच सांगितलं.

तिनं ते टाकलं. थर काही उतरले, काही राहिले. मग पाण्याच्या टाकीत टाकायला आणलेली ब्लीचिंग पावडर होती, तीही तिनं वरून भुरभुरली. दोन्ही साफच करतात, म्हणजे दोन्ही मिळून जास्त साफ करतील, असा तिचा विचार. तो चूक आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी ज्या वर्गाला सांगतो त्या वर्गात ती कधी बसली नाही. विरंजक चूर्ण अधिक आम्ल, त्यातून हिरवट पिवळा, गुदमरवणारा वायू. "गुदमरवणारा" या शब्दाखाली मी फळ्यावर दोन रेघा मारतो. घरात मात्र माझं विज्ञान चपलांबरोबर बाहेरच राहायचं.

बाहेर फराळाची ताटं मांडलेली, तिकडे वास जाऊ नये म्हणून तिनं आतून दार लावून घेतलं होतं. मी निळा सदरा घालावा की पांढरा, या विचारात आरशासमोर उभा होतो. खोकला ऐकू आला. "अगं, हळू," असं मी ओरडलो. कशाला हळू, ते मलाही माहीत नाही. मग खोकला थांबला, आणि तो थांबला म्हणून मी दाराशी गेलो.

मेहुणा ओवाळून घ्यायला आला तो थेट दवाखान्यात. हातात बहिणीला आणलेल्या साडीची पिशवी होती. ती पिशवी तीन दिवस पलंगाखाली पडून होती.

ती वाचली. पण छातीच्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं की फुप्फुसं आतून भाजल्यासारखी झाली आहेत, पूर्वीसारखी होणार नाहीत. "आता घरातला प्रत्येक उग्र वास हा तिच्यासाठी धूरच समजा. प्रत्येक झटक्याबरोबर ती एकेक पायरी खाली उतरणार. वर चढून येणं अवघड."

मेहुणा धुळ्याच्या बाहेर, मोकळ्या जागेत राहतो. आजूबाजूला ना भट्टी, ना गर्दी. तो म्हणाला, "दाजी, मी हिला घेऊन जातो. तुमचं घर हिला मानवायचं नाही." मग बहिणीकडे वळून, इथं काय ठेवलंय अशा अर्थानं, त्यांच्या बोलीत, "चाल मनासंगे. आठे काय ठेयेल शे?"

ती उशीला टेकून बसली होती. नाकात नळी. तिनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो अजून चड्डीतला पोरगाच आहे. "बठ्ठं मन्हं घर आठे शे," ती म्हणाली, म्हणजे सगळं घर इथंच. "माले नही येवानं."

मेहुण्यानं तिची उशी सारखी केली. मग मला म्हणाला, "ठीक. पण पुन्हा एकदा जरी ॲडमिट करायची वेळ आली, तर मी विचारणार नाही. उचलून नेईन."

म्हणजे अट ठरली. घर असं ठेवायचं की तिचा श्वास अडणार नाही. अडला, तर ती जाणार. तिला जायचं नव्हतं, आणि मला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. एवढ्या एका बाबतीत आमचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पूर्ण एकमत झालं.

मग मी घर साफ करायला लागलो. फिनेल, ॲसिड, पावडरी, फवारे, डासांच्या अगरबत्त्या, सगळं पोत्यात भरून बाहेर काढलं. त्या जागी खाण्याचा सोडा आला, रिठे आले, चिंच, लिंबू, ताक. आयुष्यात कधी झाडू न धरलेला माणूस झाडू धरतो तेव्हा तो आधी झाडूचा अभ्यास करतो. मी वही केली. कुठल्या डागाला काय, किती वेळ, कोमट की गार. ती पडवीत खुर्ची टाकून बसायची आणि तिथून हुकूम सोडायची.

"कोपरे राहिले."

"बघितले मी."

"बघून नाही निघत. वाका."

व्हिनेगर आणलं तर त्याच्या नुसत्या वाफेनं तिला ठसका लागला. ते गेलं. नळांवरच्या थरांना मी चार दिवसांच्या आंबट ताकात फडकी बुडवून गुंडाळून ठेवायचो. नळ बँडेज बांधल्यासारखे दिसायचे. "कुठं अपघात झाला?" ती विचारायची. तास-दोन तासांनी थर मऊ पडायचे आणि घासले की निघायचे. ताकाला दोन तास लागतात ते काम ॲसिड दोन मिनिटांत करतं, हे खरं. ती दोन मिनिटं वाचवायला गेलो होतो आम्ही. झुरळांसाठी मी सगळ्या फटींत कडुनिंबाचा पाला खोवला. झुरळं त्यावर आरामात बसायची.

साफसफाईत एक गोष्ट मला उशिरा कळली. वासाची वस्तू काढायची म्हणजे फक्त बाटल्या काढायच्या नसतात. उदबत्ती गेली. कापूर गेला. तिचा अंगाला लावायचा पावडरीचा डबा गेला, डोक्याचं तेल गेलं. लोणच्याची बरणी गेली. खमंग काळा मसाला, जो ती दर उन्हाळ्यात स्वतः भाजून करायची, तो अख्खा डबा मी समोरच्या चाचींना दिला. चाचींनी तो घेतला आणि त्या दिवसापासून आमच्या बाजूची त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी कायमची लावून टाकली. भर उन्हाळ्यातसुद्धा त्या बंद खिडकीआड स्वयंपाक करत.

फोडणी बंद झाली. खानदेशातल्या घरात फोडणी बंद म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं समजावं. आम्ही रोज मऊ भात आणि उकडलेली भाजी खायचो. मी नाक मुरडलं की ती म्हणायची, "दवाखान्यातलं जेवण घरी मिळतंय, अजून काय पाहिजे?"

पण ती टिकली. हिवाळा गेला, होळी गेली, तिच्या छातीतली शिट्टी कमी झाली. डॉक्टर म्हणाले, आता रोज थोडा जिना चढत जा. आमचा जिना गच्चीपर्यंत अठरा पायऱ्यांचा. पहिल्या दिवशी तिला तीन जमल्या. मग पाच. नवव्या पायरीला जिन्याचं वळण आहे. तिथवर पोचली त्या दिवशी तिनं भावाला फोन करून सांगितलं, "नऊ व्हयन्यात." एवढंच. मी पलीकडून ऐकत होतो आणि मला वाटलं, जिंकलो.

माणसाला असं वाटलं की तो काहीतरी करून ठेवतो. मी केलं.

आमचं मूळ गाव फैजपूरच्या बाजूला, केळीच्या पट्ट्यात. माझी आई वाळलेली केळीची पानं आणि खोडाची सोपटं जाळून त्यांची राख करायची, ती पाण्यात भिजवून वरचं निवळ पाणी काढायची आणि त्यात तेलकट भांडी बुडवायची. कढई आरशासारखी निघायची. त्या राखेत क्षार असतो, शास्त्रानं अगदी बरोबर. सोड्यानं आमच्या एक्झॉस्ट पंख्याचा जुना चिकट थर निघत नव्हता. मला वाटलं, वासाची एक वस्तू नको, दुकानातलं काही नको, आपल्याच मळ्यातली राख. वहीत मी त्यासाठी वेगळं पान सोडलं.

चुलतभावाच्या मळ्यात गेलो. त्यानं पोतं भरून दिलं आणि म्हणाला, "मास्तर, अठीच जाळ ना. राख घेऊन जाय."

सांगायला लाज वाटते, पण मी नाही म्हणालो. तिथं जाळली तर राखेत माती मिसळेल, मला शुद्ध राख हवी होती. शुद्ध! ज्या मळ्यात वर्षभर पाठीवर पंप घेऊन फवारण्या चालतात, त्या मळ्यातल्या पानांवर काय काय बसलंय हे मी चुलतभावाला विचारलंसुद्धा नाही. केळीचं पान म्हणजे नैसर्गिक, एवढ्यावर माझं समाधान झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गच्चीवर घमेलं मांडलं. मी काही अगदीच बेसावध नव्हतो. बोट ओलं करून वारा बघितला. वारा तळ्याकडे जात होता, घराकडे नाही. ती खाली पडवीत होती. चांगली दूर. काडी लावली. वरची पानं भुर्रकन जळली. पोत्याच्या तळाची सोपटं मात्र आतून ओली होती. त्यांनी पेट घेतला नाही, ती नुसती धुमसायला लागली. दाट, पिवळसर, जड धूर. तळ्याकडे जायचा सोडून तो गच्चीवरच रेंगाळला, आणि मग उघड्या दारातून जिन्यात उतरायला लागला. थंड जिन्यात पाण्यासारखा उतरला. मी फुंकर घालत होतो. लवकर पेटावं म्हणून फुंकर घालत होतो.

पेल्याचा आवाज आला. स्टीलचा पेला पायरीवरून घरंगळत गेल्याचा. एक, दोन, तीन, मोजता आल्या असत्या इतक्या पायऱ्या.

ती माझ्यासाठी चहा घेऊन वर येत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं स्वतः चहा केला होता, आणि नऊच्या पुढे जायचं ठरवलं होतं. वळणाच्या वर बाराव्या पायरीवर ती बसली होती, भिंतीला डोकं लावून, तोंड उघडं. पदर तोंडावर घ्यायचंही तिला सुचलं नव्हतं. माझ्याकडे बघून ती हात हलवत होती. मला वाटलं बोलावतेय. ती मला खाली हो, धुरातून बाहेर हो, असं सांगत होती. हे मला दवाखान्यात पोचल्यावर कळलं.

मेहुणा दोन-अडीच तासांत धुळ्याहून आला. मी शिव्या खायची तयारी करून उभा होतो. त्यानं एकही दिली नाही. पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि विचारलं, "दाजी, तिच्या साड्या कोणत्या कपाटात आहेत?"

मला आठवेना. मीच त्या रिठ्यात धुतल्या होत्या, मीच घड्या घातल्या होत्या, मध्ये कडुनिंबाचा पाला ठेवला होता. आणि कुठल्या कपाटात ठेवल्या ते मला आठवेना. शेवटी त्यानंच शोधल्या.

आठ दिवसांनी दवाखान्यातून ती परस्पर धुळ्याला गेली. घरी आणायला डॉक्टर नको म्हणाले. या वेळी ती भावाला "माले नही येवानं" म्हणाली नाही. तेवढं बोलायलाही श्वास लागतो.

राख मात्र झाली होती. अर्धं घमेलं. ती मी टाकायला निघालो होतो, मग नाही टाकली. भिजवली, निवळ पाणी काढलं, पंख्याची पाती काढून बुडवून ठेवली. सगळा चिकटा गेला. पाती नव्यासारखी निघाली. प्रयोग यशस्वी, असं वहीत लिहायचं होतं. वही मिटून ठेवली.

तेव्हापासून दर रविवारी मी धुळ्याला जातो. जाण्याआधी बिनवासाच्या साबणानं आंघोळ करतो, घरून नेलेला स्वच्छ सदरा मेहुण्याच्या ओसरीवर बदलतो, आणि मगच आत जातो. तिच्या पलंगाजवळ ऑक्सिजनचं यंत्र गुरगुरत असतं. आठवड्याच्या सहा दिवसांत मी घर साफ करतो. ती येईल म्हणून. डॉक्टर आधी म्हणाले पावसाळ्यानंतर बघू. मग म्हणाले थंडी जाऊ द्या. आता काही म्हणत नाहीत, आणि मी विचारत नाही.

यंदाची भाऊबीज धुळ्याला झाली. बहीणच भावाकडे असल्यामुळे पाहुणा मी एकटाच. मेहुणा तिच्या पलंगासमोर पाट मांडून बसला. ताटात कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. निरांजन होतं, पण वातीशिवाय; कोरडं. तिनं त्याला त्या न पेटलेल्या निरांजनानं ओवाळलं. हात दोनदा खाली आला, दोन्ही वेळा त्यानं खालून ताटाला आधार दिला. मग त्यानं साडी तिच्या मांडीवर ठेवली. नवी, धुऊन आणलेली, खळीचा वास जावा म्हणून.

मला काय द्यावं कळेना. मी फोन काढला आणि तिला घराचे फोटो दाखवले. आदल्या दिवशी मुद्दाम काढले होते. पांढऱ्या थराचा मागमूस नसलेलं बाथरूम. नळ, ज्यांत तोंड दिसेल. रिकामी फळी, जिथं तिचे डबे असायचे. देव्हारा, नुसत्या फुलांचा. पडवी, आणि पडवीतली तिची खुर्ची, पुसून भिंतीला लावलेली. ती एकेक फोटो बघत होती. बोट सावकाश सरकत होतं. मला वाटलं दमली. फोन घ्यायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला.

स्वयंपाकघराचा फोटो आला होता. तिनं दोन बोटांनी तो मोठा केला, अजून मोठा केला, ओटा सगळ्या पडद्यावर आला तेव्हा थांबली. नाकातली नळी सारखी केली. दोन-तीन श्वास साठवून घेतले.

"लिंबाचे डाग दिसले," ती म्हणाली, "म्हणून कळलं आपलं घर आहे." पुन्हा श्वास घेतला. "नाहीतर मला वाटलं, कुणाचं दाखवताय."